गरम वाफांसाठी ॲक्युपंक्चर: आधी वही, मग सुई

पाळी जाण्याच्या वयात अंगातून निघणाऱ्या वाफांवर ॲक्युपंक्चर घ्यायचं ठरवलं असेल, तर पहिली सुई टोचून घेण्याआधी दोन आठवडे वही ठेवा. वाफ आली की वेळ लिहा आणि तिला गुण द्या. नुसतं गरम वाटलं, घाम नाही, तर 1. घाम आला पण हातातलं काम चालू राहिलं, तर 2. काम सोडून बसावं लागलं किंवा झोपेतून उठून कपडे बदलावे लागले, तर 3. रात्री झोपण्याआधी दिवसाच्या गुणांची बेरीज करा. चार साध्या, तीन मध्यम आणि दोन जोराच्या वाफा आल्या तर 4 + 6 + 6 म्हणजे 16. दुसऱ्या आठवड्याच्या सात बेरजांची सरासरी काढून वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. पुढचे सगळे निर्णय त्या आकड्यावर घ्यायचे आहेत.

हा खटाटोप कशासाठी? वाफा आपापल्याही कमी-जास्त होतात. मे महिन्यात वाढतात, निवांत आठवड्यात कमी होतात. शिवाय उपचार सुरू आहे या दिलाशानेच अनेकींना बरं वाटतं. महिन्याभराने नुसतं आठवून "फरक पडला का?" याचं उत्तर द्यायला गेलं की ते हमखास चुकतं.

आधी हे तपासून घ्या

सलग 12 महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. भारतात हे साधारण 46-47 व्या वर्षी होतं. वाफा मात्र पाळी अनियमित होऊ लागली की सुरू होतात आणि काही वर्षं टिकतात. पण प्रत्येक घाम हा पाळीचा घाम नसतो. रात्री घामाबरोबर बारीक ताप, खोकला, वजन घटणं असेल तर क्षयाची तपासणी हवी. धडधड, हात थरथरणं, भूक असूनही वजन उतरणं असेल तर थायरॉइडची. पाळी वर्षभर थांबून पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागाएवढं, तरी थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. चाळिशीच्या आत पाळी गेली असेल तर हाडं आणि हृदय सांभाळण्यासाठी हार्मोन घ्यायचे का, हे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय फक्त सुयांवर राहू नका.

सुयांनी हाडांची झीज थांबत नाही, योनीमार्गाचा कोरडेपणा जात नाही. कोरडेपणासाठी तिथेच लावायची इस्ट्रोजेनची मलमं आहेत आणि ती चांगली काम करतात. ॲक्युपंक्चरकडून अपेक्षा ठेवायची ती वाफा, घाम, झोप आणि चिडचिड यांपुरतीच.

वैद्य काय बघतो

चिनी वैद्यकाचा पायाभूत ग्रंथ 'ह्वांगदी नेइचिंग' बाईचं आयुष्य सात-सात वर्षांच्या टप्प्यांत मांडतो. सात साते एकोणपन्नास, या वर्षी गर्भाशयाला पोसणाऱ्या वाहिन्या रित्या होतात आणि पाळी थांबते असं त्यात म्हटलं आहे. याच्या मुळाशी 'किडनी'ची शक्ती ओसरणं आहे असं ते शास्त्र मानतं. इथे बायका उगाच घाबरतात. "तुमची किडनी अशक्त आहे" असं चिनी पद्धतीचा वैद्य म्हणाला तर तो रक्ततपासणीतल्या क्रिएटिनिनबद्दल बोलत नसतो. जन्मतः मिळालेल्या साठ्याला त्या शास्त्रात दिलेलं ते नाव आहे.

त्या शास्त्रात यिन म्हणजे शरीरातली थंडावा-ओलावा देणारी बाजू, यांग म्हणजे ऊब देणारी, आणि 'ची' म्हणजे अंगात वाहणारी जीवनशक्ती. तक्रारींचे प्रकार ढोबळमानाने असे. संध्याकाळनंतर वाफा, रात्री घाम, तळहात-तळपाय जळणं, तोंड कोरडं, जीभ लाल आणि तिच्यावर साय (पांढरट थर) जवळजवळ नाही: हा यिनच्या कमतरतेचा, सर्वांत जास्त दिसणारा प्रकार. हातपाय गार, पायांवर सूज, पहाटे पातळ शौच, जीभ फिकट आणि कडेला दातांचे ठसे: हा यांगच्या कमतरतेचा. छाती भरून येणं, बारीकसारीक गोष्टींवरून भडका उडणं, स्तन दुखणं, हा यकृतातली 'ची' तुंबण्याचा. पुष्कळ जणींत वाफाही असतात आणि पायही गार असतात, म्हणजे दोन्ही मिसळलेलं. असं असताना एकाच साच्याचा उपचार दिला तर एक तक्रार कमी होऊन दुसरी वाढते.

निदान जिभेवर बरंच अवलंबून असल्यामुळे ज्या दिवशी जायचं त्या सकाळी जीभ घासू नका. आपल्याकडे रोज उलनीने जीभ खरवडायची सवय, त्यामुळे साय दिसतच नाही आणि वैद्य यिन कमी आहे असं धरून बसतो. हळदीचं दूध, बीट, पान, कॉफीही तासभर आधी टाळा. त्यांचा रंग जिभेवर उतरतो.

फायदा किती, ते आकड्यांत

अमेरिकेत 2016 साली 209 बायकांवर केलेल्या अभ्यासात सहा महिन्यांत जास्तीत जास्त 20 वेळा सुया टोचल्या. ज्यांना सुया दिल्या त्यांच्या वाफा साधारण 37 टक्क्यांनी घटल्या, ज्या नुसत्या थांबल्या होत्या त्यांच्या घटल्या नाहीत. त्याच बायकांचे आकडे पुन्हा तपासल्यावर दिसलं की आठव्या आठवड्यापर्यंत शंभरातल्या 12 जणींना फार मोठा, सुमारे 85 टक्के, फायदा झाला. 47 जणींच्या वाफा निम्म्याच्या आसपास आल्या. 37 जणींना जेमतेम फरक पडला आणि चौघींच्या वाफा उलट वाढल्या.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात 327 बायकांवर अभ्यास झाला. सगळ्या यिनच्या कमतरतेच्या. अर्ध्या जणींना खऱ्या सुया, अर्ध्या जणींना त्वचेत न शिरणाऱ्या बोथट सुया, आठ आठवड्यांत 10 बैठका. दोन्ही गटांच्या वाफा जवळपास 40 टक्क्यांनी कमी झाल्या, आणि दोन्ही गटांत फरक निघाला नाही. म्हणजे आराम खरा आहे, पण तो नेमक्या जागी सुई शिरल्यामुळेच मिळतो हे सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने 2023 मध्ये हार्मोनविरहित उपचारांची छाननी केली, तेव्हा वाफांसाठी ॲक्युपंक्चरची शिफारस केली नाही.

आमचं मत असं: वाफांवर सर्वांत जोरकस उपाय हार्मोनचाच आहे. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसतील, तर तो पर्याय आधी डॉक्टरांसमोर मांडावा. ज्यांना स्तनाच्या कर्करोगामुळे किंवा दुसऱ्या कारणाने हार्मोन चालत नाहीत, ज्यांना ते नको आहेत, त्यांनी आठ बैठकांपुरतं ॲक्युपंक्चर जरूर करून पाहावं. धोका कमी आहे आणि आठवड्यातला अर्धा तास शांत पडून राहायला मिळतो, हेही या वयात थोडं नाही.

सुई टोचणारा निवडताना

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे आणि नोंदणीसाठी परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारा, भिंतीवर लावलेला असला तरी वाचून घ्या. पाकिटातल्या निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुया तुमच्यासमोर फोडल्या जाव्यात आणि काढल्यावर पिवळ्या-लाल कचरापेटीत नव्हे, तर सुयांसाठीच्या कडक डब्यात पडाव्यात. "तुमच्या नावाच्या सुया उकळून ठेवतो" असं कोणी म्हणालं तर उठून या.

रक्त पातळ करणारी गोळी, पेसमेकर, निकेलची ॲलर्जी, मधुमेहामुळे पाय बधिर असणं, काखेतल्या गाठी काढलेल्या असणं, हे सगळं न विचारता सांगा. पेसमेकर असेल तर सुईला वीज जोडून देतात तो प्रकार घेऊ नये. गाठी काढलेल्या बाजूच्या हातावर सुई टाळावी.

बैठकीत काय होतं

उपाशीपोटी जाऊ नका. चक्कर येण्याचं एक सामान्य कारण तेच. दीड-दोन तास आधी पोळीभाजी खाऊन, सैल सलवार घालून जा, आणि टेबलावर चढण्याआधी लघवीला जाऊन या, कारण बेंबीखाली चार बोटांवरच्या 'ग्वानयुआन' बिंदूत सुई देताना मूत्राशय रिकामं असावं लागतं. पहिली बैठक आडवं पडूनच घ्या, खुर्चीत नाही.

सुई साधारण पाव मिलिमीटर जाड असते. मनगटाजवळ काही मिलिमीटरच आत जाते, पोटरीच्या आतल्या बाजूला मात्र अडीच-तीन सेंटिमीटरपर्यंत. टोचताना मुंगी चावल्यासारखं आणि मग जागा जड होणं, ओढल्यासारखं वाटणं हे अपेक्षित आहे, चिनी वैद्य त्यालाच ची मिळणं म्हणतात. विजेचा झटका किंवा जळजळ टिकून राहिली तर मात्र सुई मज्जातंतूवर असू शकते, लगेच सांगा. 20 ते 30 मिनिटं तशीच ठेवतात. हलू नका, वाकलेली सुई काढताना दुखतं. घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी आली तर सगळ्या सुया काढून पाय उंच करायचे, गोड पाणी द्यायचं. नंतर एखादा काळानिळा डाग पडतो, आठवड्यात जातो. खांद्याच्या माथ्यावर किंवा छातीवर खोल सुई दिल्यावर धाप लागली, छातीत टोचलं, तर वाट न बघता रुग्णालयात जा. फुप्फुसाला छिद्र पडणं दुर्मीळ आहे, पण होतं.

धूर देणाऱ्या मोक्साच्या कांडीने शेक देतात. मोक्सा ज्यापासून करतात ती वनस्पती आपल्या दवण्याच्या कुळातली. गार हातपायांच्या प्रकाराला तो शेक मानवतो. जीभ लाल आणि अंग तापलेलं असताना तो घेतला तर वाफा वाढण्याची तक्रार येते. पाय बधिर असतील तर अजिबात नको, भाजलेलं कळत नाही.

बैठकांच्या मधल्या दिवसांत घरी

चार बिंदू पुरेत. मोजमाप स्वतःच्याच बोटांनी करायचं, कारण एक त्सुन म्हणजे त्याच व्यक्तीच्या अंगठ्याच्या पेराची रुंदी, आणि जोडलेली चार बोटं म्हणजे तीन त्सुन. नवऱ्याच्या हाताने मोजलं की जागा चुकते.

सानयिन्ज्याओ: आतल्या घोट्याच्या टोकावर करंगळीची कड ठेवून चार बोटं आडवी लावा. तर्जनीच्या वर, नडगीच्या हाडाच्या अगदी मागच्या कडेला दाबल्यावर दुखरी जागा सापडते. हाडावर दाबू नका. थायशी: आतला घोटा आणि टाचेमागची जाड शीर (इथे आणि मनगटावर शीर म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, रक्तवाहिनी नव्हे) यांच्या मधला खळगा. यिनशी, रात्रीच्या घामासाठी: तळहात वर, मनगटाच्या रेषेवर करंगळीच्या बाजूला एक ताठ शीर लागते, तिच्या अंगठ्याकडच्या बाजूला, रेषेपासून अर्धा अंगठा वर. नेयग्वान, धडधड आणि मळमळीसाठी: मनगटाच्या रेषेपासून दोन अंगठे वर, मूठ वळल्यावर उठून दिसणाऱ्या दोन शिरांच्या मध्ये.

अंगठ्याच्या पेराने, नखाने नव्हे, एकेका जागी मिनिट-दोन मिनिटं, दोन्ही बाजूंना, सकाळी आणि झोपण्याआधी दाबा. मनगटावर दाब हलका ठेवा. फुगलेल्या निळ्या रक्तवाहिनीवर दाबू नका. आणि पाळी अजून पूर्ण गेली नसेल तर दिवस राहण्याची शक्यता असते. तशी शंका असेल तोवर सानयिन्ज्याओ सोडून द्या.

आठव्या बैठकीनंतर

आठवड्यातून एकदा, जमल्यास सुरुवातीला दोनदा बैठक घ्या आणि वही चालू ठेवा. मध्येच झोपेची गोळी, हार्मोन किंवा नवा काढा सुरू केला तर कशाने काय झालं हे कळणार नाही. आठव्या बैठकीनंतरच्या आठवड्याची सरासरी काढा. 16 चे 10 किंवा त्याखाली आले असतील तर पुढे दर पंधरवड्याला, मग महिन्याला असं अंतर वाढवत न्या. 14-15 वरच रेंगाळत असतील तर थांबा. "अजून दहा घ्या, मग बघा" या सल्ल्याला वहीतला आकडा दाखवा.

काढे आणि गोळ्या

इथे आम्ही जास्त सावध आहोत. सुईपेक्षा खरा धोका औषधांत आहे.

लिऊवेई दीह्वांग वान ही सर्वांत परिचित गोळी. चीनच्या सोंग घराण्याच्या काळातल्या छ्येन यी या बालरोगवैद्याने ती मुलांसाठी बांधली. त्याचा ग्रंथ 1119 चा. सहा द्रव्यांचं प्रमाण 8:4:4:3:3:3, आणि त्यातलं आठ भागांचं शिजवलेलं दीह्वांग हे मूळ पचायला जड. त्यामुळे पोट फुगतं, जुलाब होतात, विशेषतः ज्यांचा प्रकार मुळात गार आहे त्यांना. अर श्येन थांग हा विसाव्या शतकात शांघायमध्ये बसवलेला काढा मिश्र प्रकारासाठी देतात. त्यातलं 'श्येन माओ' म्हणजे आपल्या सह्याद्रीतली काळी मुसळीच. पण नुसती मुसळी खाणं म्हणजे तो काढा नव्हे. तिची उष्णता आवरायला त्यात दोन शीत द्रव्यं घातलेली असतात, आणि चिनी औषधीशास्त्र तिला विषारी गटात धरतं, महिनोन्‌महिने देत नाही.

रडू येणं, बेचैनी यांसाठीचा गान माइ दा झाओ थांग अगदी निरुपद्रवी वाटतो: ज्येष्ठमध 9 ग्रॅम, गहू 15 ते 30 ग्रॅम, लाल बोरं दहा. पण रोजच्या ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घटतं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर घेऊ नका. दांग ग्वेइ हे मूळ एकट्याने वाफांवर चालत नाही. 71 बायकांवर 24 आठवड्यांचा अभ्यास 1997 मध्ये झाला, औषध नसलेल्या बनावट गोळीइतकाच परिणाम दिसला. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनबरोबर ते घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. झोपेसाठीच्या थ्येन वांग बू शिन दान गोळीला पारंपरिक कृतीत हिंगुळाचं आवरण असतं, म्हणजे पारा. लेबलवर 'झू शा' (हिंगुळाचं चिनी नाव) असेल तर परत करा. लेबल फक्त चिनीत असेल, तर ते पाकीट घरात आणूच नका.

स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर कर्करोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय एकही काढा नको. बाकीच्यांनी सुरू करण्याआधी आणि सहा आठवड्यांनी यकृत आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी करावी. डोळे पिवळे, लघवी गडद किंवा अंगाला खाज आली तर त्याच दिवशी बंद. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी थांबवा, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात त्या पाकिटांचा फोटो द्या.