बटाट्याच्या सूपची खळ का होते? या चुका टाळा

पाऊस लागला की दरवर्षी मला तेच फोन येतात. कधी भाचीचा, कधी सोसायटीतल्या कुणाचा. हल्ली तर सरळ फोटोच येतो, पातेल्यात करडट पांढरा लगदा आणि खाली प्रश्न, "काकू, हे असं का झालं?" बहुतेक वेळा फोटो मोठा करून बघायचीही गरज पडत नाही, मिक्सर लावलेला असतो. बटाट्याचं सूप म्हणजे घरातली सगळ्यात सोपी गोष्ट असं लोकांना वाटतं, म्हणून त्याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि मग आजारी माणसासाठी इतक्या प्रेमाने केलेलं ते सूप शेवटी सिंकमध्ये जातं. मला खरंच वाईट वाटतं याचं.

आधी माझं प्रमाण सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. अर्धा किलो बटाटे, एक मोठा कांदा, चार लसूण पाकळ्या, एक मोठा चमचा लोणी, तीन कप पाणी, एक कप दूध, मीठ, मिरी. संपलं. चौघांना एकेक वाडगा होतो.

आता मिक्सर.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या आतेबहिणीच्या मुलाची अक्कलदाढ काढली होती, गाल सुजलेला, दोन दिवस नीट खाणं नाही. तिने मोठ्या हौसेने एक किलो बटाट्यांचं सूप करायला घेतलं. बटाटे कुकरला छान शिजवले, पण वेळ नव्हता म्हणून गरमागरम बटाटे पाण्यासकट मिक्सरच्या मोठ्या भांड्यात गळ्यापर्यंत भरले आणि बटण फुल्लवर फिरवलं. आतल्या वाफेने झाकण उडालं आणि तिच्या मनगटावर चांगला रुपयाएवढा फोड आला. तरी तिने हात पाण्याखाली धरून झाल्यावर उरलेलं तसंच दोन मिनिटं फिरवलं, एकही गुठळी नको म्हणून. मग मला फोन, "ताई, सूप झालंय पण चमच्याला लोंबतंय."

मी गेले, बघितलं. डाव वर उचलला की सूप खाली पडायच्या ऐवजी तार धरायचं. लहानपणी वह्यांना कव्हरं घालायला आम्ही मैद्याची खळ शिजवायचो ना, अगदी डिट्टो तसं. तिने पाणी घातलं, दूध घातलं, वरून क्रीमचं अख्खं पाकीट ओतलं. पातळ झालं पण बुळबुळीतपणा जाईना. पोराने एक चमचा खाल्ला आणि तोंड फिरवलं. दाढ दुखत असताना तोंडात ते चिकट कोण धरून ठेवेल?

असं का होतं ते एकदा समजून घ्या म्हणजे परत कधी मिक्सरकडे हात जाणार नाही. बटाट्याच्या पेशींमध्ये स्टार्चचे कण भरलेले असतात, ६०-६५ डिग्रीच्या आसपास ते पाणी पिऊन फुगायला लागतात आणि शिजलेल्या बटाट्यात तर टम्म फुगून बसलेले असतात. हाताने हलकेच कुस्करलं तर पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, पण बऱ्याचशा शाबूत राहतात, म्हणून जिभेला मऊ लागतं. मिक्सरची पाती मात्र त्या पेशी फाडतात, आतलं सगळं स्टार्च पाण्यात येतं, आणि स्टार्च अधिक गरम पाणी म्हणजे खळच, दुसरं काय होणार! टोमॅटोच्या किंवा भोपळ्याच्या सूपला मिक्सर चालतो कारण त्यांच्यात एवढं स्टार्चच नसतं, आणि तीच सवय लोक बटाट्याला लावतात. हँड ब्लेंडर थोडा बरा, दोनदा टक टक करून थांबलात तर. पण थांबतं कोण?

मग करायचं काय? तुमच्या घरात माळ्यावर पुरणयंत्र आहे ना? होळीला आणि श्रावणात निघतं, धुऊन पुसून परत वर जातं तेच. ते खाली काढा. मी त्या दिवशी पिशवीत पुरणयंत्र घालूनच परत गेले तिच्याकडे. नवीन बटाटे शिजवले, निथळून बारीक भोकांची जाळी लावलेल्या यंत्रात घातले, दांडा गोल फिरवला आणि खाली पातेल्यात शेवेसारखा भुसभुशीत बटाटा पडायला लागला, हलका, एकेक दोरा सुटा. त्याच्यावर त्याच बटाट्यांचं शिजलेलं गरम पाणी थोडं थोडं ओतत रवीने सावकाश फिरवलं. घुसळायचं नाही, फक्त एकजीव करायचं. पोराने दोन वाट्या खाल्ल्या. पुरणयंत्र नसेल तर पुरणाची चाळण आणि वाटी घ्या, तीही नसेल तर पावभाजीचा मॅशर आहेच. थोडे कण राहिले तर राहू देत, मला तर ते आवडतात.

खळ झालेलं सूप परत सुधारत नाही, उगाच क्रीम ओतून पैसे घालवू नका. मी त्यात थालीपिठाची भाजणी भिजवते, पाण्याच्या ऐवजी. थालीपीठं इतकी मऊ होतात की विचारू नका.

दुसरा माझा जिव्हाळ्याचा विषय, बटाटा कुठला आणि ठेवलाय कुठे. "बटाटा म्हणजे बटाटा" असं म्हणणाऱ्यांनी एकदा नव्या आणि जुन्या बटाट्याचं सूप शेजारी ठेवून खाऊन बघावं. ज्याची साल अंगठ्याने घासली तरी निघते तो नवा बटाटा रस्सा भाजीला झकास, फोडी मोडत नाहीत. पण सूपला आपल्याला मोडायलाच हव्यात! सूपला जाड सालीचा, शिजल्यावर भुसभुशीत फुटणारा जुना बटाटा हवा. शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेच्या बहुतेक जातींच्या नावात कुफरी असतं, त्यातली कुफरी चिप्सोना ही खास वेफर्ससाठी काढलेली जात, तिच्यात पाणी कमी आणि पीठ जास्त. उलट कुफरी पुखराज पाणचट. भाजीवाल्याला ही नावं विचारून उपयोग नाही हे मलाही माहितीये, म्हणून मी फक्त "वेफर्सचा द्या" म्हणते, त्याला बरोबर कळतं.

खात्री करायची असेल तर ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवा आणि बटाटा सोडा. बुडाला तर पिठूळ, सूपला घ्या. तरंगला तर भाजीला. मी नवीन पोतं आणलं की एकदा करते हे, आणि ते मिठाचं पाणी फेकत नाही, कैऱ्या भिजवायला होतं.

आणि कृपा करून बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नका. एका जानेवारीत माझंच सूप गोड लागायला लागलं, मला वाटलं कांदा गोड असेल, मग वाटलं दूध. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. शेवटी लक्षात आलं की घरात पाहुणे होते आणि कुणीतरी मदत म्हणून सगळी टोपली फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रिकामी केली होती. ३-४ डिग्रीच्या गारठ्यात बटाटा स्वतःच्या स्टार्चची साखर करतो. कोल्ड स्टोरेजमधून आलेल्या बटाट्याची चव कधी कधी गोडसर लागते ती यामुळेच, आणि असे बटाटे तळले की काळपट पण होतात. असे बटाटे असतील तर टोपलीत, अंधारात, वारा लागेल असे आठ-पंधरा दिवस बाहेर ठेवा, बराचसा गोडपणा उतरतो. घाई असेल तर त्या दिवशी सूप नका करू, पिठलं करा. हिरवे पडलेले किंवा कडू लागणारे मात्र सरळ टाकून द्या, थोडासाच हिरवा भाग असेल तर खोल कापून काढा. तिथे काटकसर नको.

आता बाकीच्या चुका पटापट.

चिरलेले बटाटे धुऊन धुऊन पांढरं पाणी काढून टाकणं. ते फ्रेंच फ्राइजसाठी असतं बाबांनो. सूपला घट्टपणा त्यातूनच येणार आहे. सोलायच्या आधी धुवा, चिरले की लगेच पातेल्यात.

उकळत्या पाण्यात बटाटे टाकणं. बाहेरून गळून जातात आणि मधे कच्चे. गार पाण्यात घाला आणि मग गॅस लावा, साधारण २ सेंटीमीटरच्या सारख्या फोडी, वीस मिनिटं. कुकरला लावलेत तरी चालेल, पण सालासकट अख्खे उकडून ते पाणी ओतून देऊ नका, अर्धी चव त्या पाण्यात असते.

कांदा लाल करणं. आपल्याला सवयच आहे, कांदा म्हटलं की गुलाबी, मग लालसर, मग मसाला! इथे नाही. मंद गॅसवर लोण्यात चिमूटभर मीठ घालून झाकण ठेवा, दहा-बारा मिनिटं, काचेसारखा झाला पाहिजे, रंग आला नाही पाहिजे. लसूण शेवटच्या मिनिटाला. लसूण करपली तर सगळं नव्याने सुरू करा, करपलेली लसूण बटाट्यात लपत नाही. रील्समध्ये जे दहा मिनिटांत सूप दाखवतात ना, त्यांचा एकटा कांदाच दहा मिनिटं खाणार आहे, तेवढा वेळ नसेल तर त्या दिवशी मुगाची खिचडी लावा.

कॉर्नफ्लोअर. कशाला? बटाट्यात आधीच स्टार्च आहे. पातळ झालं तर झाकण काढून पाच मिनिटं आटवा किंवा आणखी एक बटाटा कुस्करा.

मीठ शेवटी घालणं. शिजतानाच पाण्यात घाला, नाहीतर सूप खारट आणि बटाटा अळणी असं होतं. सूपच्या क्यूब वापरत असाल तर त्यात आधीच भरपूर मीठ असतं, चव बघून घाला. मी स्वतः क्यूब वापरत नाही, कोबीचा दांडा, गाजराची टोकं, कोथिंबिरीच्या काड्या, चार मिरी अर्धा तास उकळते, गाळून घेते, झालं.

टोमॅटो किंवा लिंबू सुरुवातीला घालणं. आंबटात बटाटा लवकर शिजतच नाही, शिट्ट्या वाढवत बसाल.

दुधाबद्दल मात्र जरा थांबून बोलायचंय. फ्रीजमधलं गार दूध खळखळ उकळत्या सूपमध्ये ओतायचं आणि परत उकळी आणायची, आणि मग फाटलं की दूधवाल्याला नावं ठेवायची. दूध वेगळं कोमट करा, सूपचा गॅस मंद करा, बारीक धारेने घाला, ढवळत राहा, कडेला बुडबुडे दिसले की बंद. माझ्या आईला लिंबाशिवाय सूप चालायचं नाही, आजारपणात तिच्या तोंडाला चव नसायची, तर मी एकदा पातेल्यातच लिंबू पिळलं आणि पाच मिनिटांत सगळ्या सूपभर पांढरे कण. ती म्हणाली चालतंय गं, आणि खाल्लंही, पण मला ते अजून आठवतं. तेव्हापासून लिंबाची फोड वाडग्याच्या बाजूला ठेवते, ज्याने त्याने खाताना दोन थेंब पिळावेत.

आणि क्रीमशिवाय सूप होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी गोव्याकडे बघा. बटाटा आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, शब्दसुद्धा त्यांचाच. त्यांच्या उत्तरेकडच्या मिन्यो भागातलं काल्दु व्हेर्द हे सूप म्हणजे पाण्यात शिजवून कुस्करलेला बटाटा, कांदा, लसूण, ऑलिव्ह तेल आणि त्यात अगदी केसासारखी बारीक चिरलेली हिरवी भाजी, वर सॉसेजची चकती. दूध नाही, क्रीम नाही. गोव्यात ते पालक घालून करतात. दूध पचत नाही अशा घरी मी हेच करते, सॉसेज वगळून, पालक शेवटची दोन मिनिटं. पोटाला इतकं हलकं वाटतं आणि पाऊस पडत असेल तर बघायलाच नको.

वरून काय घालायचं यावर माझं मत ठाम आहे. ताजी कुटलेली मिरी, कांद्याची पात, फार तर तुपात तडतडलेलं जिरं. गरम मसाला, चाट मसाला, शेजवान चटणी नाही. ज्याला तिखट खायचंय त्याच्यासाठी मिसळ आहे की.

सूप बुडाला लागलं तर खरवडू नका! ढवळूही नका. वरचं वर अलगद दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्या, तळाचं तिथेच राहू दे. चमचा तळाला लावलात की करपट वास सगळीकडे.

उरलेलं फ्रीजमध्ये ठेवलं की दुसऱ्या दिवशी खरवसासारखं थिजलेलं असतं, ते बिघडलेलं नाही, घाबरून टाकू नका. अर्धा कप गरम पाणी, मंद गॅस, रवीने हळू, आणि मीठ परत चाखा कारण पाण्याने फिकं पडतं. दोन दिवसांच्या वर मात्र मी ठेवत नाही.