आधी बाप ठरवा, मग नाव: मध्ययुगीन स्पॅनिश, पोर्तुगीज आणि बास्क नावांतल्या या चुका टाळा

मध्ययुगीन स्पेन-पोर्तुगालवर मराठीत कोणी कादंबरी लिहिली किंवा भाषांतर केलं, की ते कधीकधी तपासायला माझ्याकडे येतं. मी पहिलं पान उघडतच नाही. आधी पात्रांची यादी बघतो. पुढे काय वाढून ठेवलंय ते तिथेच कळतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वडिलांच्या नावाला आडनाव समजणं. कास्तिल या स्पॅनिश राज्यात ‘-एझ’ आणि पोर्तुगालमध्ये ‘-एस’ शेवटी लागलं की ते मुळात बापाचं नाव असतं. रोद्रिगोचा मुलगा रोद्रिगेझ, नुन्योचा नुन्येझ, दिएगोचा दियाझ. पिढी बदलली की तेही बदलतं. ज्यांच्या शाळेच्या दाखल्यापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे मधे बापाचं नाव असतं, त्या मराठी माणसांना हे समजावून सांगावं लागतं, याचं मला नवल वाटतं.

एक हस्तलिखित आठवतं. विषय दहाव्या-अकराव्या शतकातलं पाम्प्लोना, म्हणजे पुढचं नवारचं राज्य. लेखकाने राजांची यादी कुठून तरी उतरवून घेतली होती: सांचो गार्सेस, गार्सिया सांचेझ, पुन्हा सांचो गार्सेस, पुन्हा गार्सिया सांचेझ. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की गार्सेस आणि सांचेझ ही दोन हाडवैरी घराणी असून दर पिढीला एकमेकांचं सिंहासन बळकावतात. मग काय! विषप्रयोग, मध्यरात्रीची फितुरी, तहासाठी दिलेली मुलगी, सगळं रचून झालं होतं. प्रत्यक्षात पहिल्या सांचो गार्सेसपासून (९०५) चौथ्या सांचो गार्सेसपर्यंत (१०७६) हे सात राजे म्हणजे बाप-लेकांची सरळ ओळ आहे. सांचोचा मुलगा गार्सिया म्हणून तो सांचेझ, त्याचा मुलगा आजोबांच्या नावाचा सांचो म्हणून तो गार्सेस. मधे काही वर्षं गादीवर बसलेला हिमेनो गार्सेस हा पहिल्या सांचोचा सख्खा भाऊ, म्हणून त्याच्याही नावात गार्सेस. अख्ख्या कादंबरीचं वैर ‘-एझ’ आणि ‘-एस’वर उभं होतं. हे सांगितल्यावर लेखक म्हणाला, “पण वाचकाला कुठे कळणार?” या वाक्यानंतर मी वाद घालत नाही, हस्तलिखित परत करतो.

माझी सवय साधी आहे. पात्राचं नाव लिहिण्याआधी वहीत त्याच्या बापाचं नाव लिहितो, त्याच्यावर आजोबांचं. या दोन ओळी भरता येत नसतील तर पात्राला नुसतं पहिलं नाव द्यावं. घाईत चिकटवलेल्या आडनावापेक्षा ते कितीतरी बरं.

यातूनच बायकांच्या नावांचा घोळ होतो. लग्नानंतर बाई नवऱ्याचं नाव लावत नसे. पहिल्या सांचो गार्सेसची राणी तोदा आस्नारेझ, कारण तिचा बाप आस्नार. नवरा गार्सेस, बायको आस्नारेझ, मुलगा सांचेझ, आणि घर एकच. एल सिद म्हणून गाजलेला अकराव्या शतकातला योद्धा रोद्रिगो दियाझ आणि त्याची बायको हिमेना दियाझ, या जोडप्याने मात्र अनेकांना चकवलंय. “बघा, तिने नवऱ्याचं आडनाव लावलं!” असं सांगणारे मला भेटतात. अहो, दोघांच्याही वडिलांचं नाव दिएगो होतं, एवढंच. त्यांची मुलं दिएगो, क्रिस्तिना आणि मारिया, तिघंही रोद्रिगेझ.

आता उलट बाजूची चूक. ही शहाण्यांची असते. नियम कळला की ते तो सगळ्या शतकांवर चालवतात. उत्तर मध्ययुगात ही बापाची नावं हळूहळू गोठली आणि घराण्यात तशीच चालत राहिली. १४९१च्या सुमारास बास्क प्रदेशात जन्मलेला इन्यिगो लोपेझ दे लोयोला, म्हणजे पुढचा संत इग्नेशियस, याच्या बापाचं नाव बेल्त्रान होतं, लोपे नव्हे. सख्खा भाऊ मार्तिन गार्सिया दे ओन्याझ. गोव्यात ज्याचं शव जपलंय त्या फ्रान्सिस झेवियरच्या घरी तर बाप हुआन दे हासो, आई मारिया दे आस्पिलकुएता, आणि एक भाऊ आईच्या घराण्याचं नाव लावून हुआन दे आस्पिलकुएता. झेवियर हे तर नवारमधल्या त्यांच्या वाड्याचं नाव. म्हणून तेराव्या शतकातल्या नायकाला ‘झेवियर’ म्हणू नका. त्या नावाला पहिलं नाव म्हणून चलन मिळालं ते या संतामुळे, सोळाव्या शतकानंतर.

बास्क पात्रं हवीत म्हणून आंतरजालावरच्या बाळांच्या याद्या उघडणाऱ्यांनी जरा थांबावं. इन्याकी, कोल्दो, केपा, एदुर्ने ही नावं छान आहेत, पण ती बास्क राष्ट्रवादी साबिनो आराना आणि त्याच्या साथीदारांनी घडवलेल्या, १९१०मध्ये छापून आलेल्या संतनामावलीमुळे रूढ झाली. मध्ययुगासाठी एनेको, ओचोआ, सेमेनो, गार्सिया, लोपे घ्या. बायकांसाठी तोदा, उर्राका, मायोर. उर्राका कानाला खडबडीत लागतं म्हणून टाळतात. पण ११०९ ते ११२६ लेओन-कास्तिलवर राज्य करणाऱ्या राणीला ते चाललं, तर तुमच्या नायिकेलाही चालेल.

स्पॅनिश ‘दोन’ किंवा पोर्तुगीज ‘दोम’ हा मान पहिल्या नावाआधी लागतो: दोन रोद्रिगो. ‘दोन दियाझ’ नाही.

नावात ‘दे’, म्हणजे ‘-चा’, असलं की माणूस सरदार, असं नाही. बहुतेकदा ते नुसतं गाव असतं.

कास्तिलची राणी इसाबेल. ‘इसाबेला’ बाहेरून आलं.

बापाचं आणि आईचं अशी दोन आडनावं मध्ययुगीन माणसाला देऊ नका. ती पद्धत सोळाव्या शतकात वरच्या वर्गात रुळू लागली आणि कायद्यात एकोणिसाव्या शतकात आली.

एकच माणूस कागदोपत्री रुय, रोद्रिगो आणि रोदेरिकुस असतो. सिदने १०९८च्या दानपत्रावर स्वतः ‘रुदेरिको’ अशी सही केली आहे. स्पेलिंग बदललं म्हणून नवा माणूस जन्माला घालू नका.

शेवटी गोव्याकडून येणाऱ्या वंशावळी. आडनाव परेरा, म्हणून मूळपुरुष थेट नुनो आल्वारेस परेरा, १३८५च्या अल्जुबारोताच्या लढाईतला सेनापती! त्याचा बाप आल्वारो गोन्साल्वेस परेरा, आजोबा गोन्सालो परेरा. मधलं नाव पिढीगणिक बदलतंय आणि घराण्याचं टिकतंय, इथवर ठीक. पण नुनोची मुलगी बेआत्रिस आईचं ‘आल्विम’ही लावायची, म्हणजे तिथेही सरळ रेषा नाही. आणि गोव्यातली बरीचशी परेरा, फर्नांडिस, वाझ मंडळी ही आडनावं बाप्तिस्म्याच्या वेळी पाठीशी उभ्या राहिलेल्या पोर्तुगिजाकडून किंवा पाद्र्याकडून मिळालेली आहेत. रक्ताचा धागा लिस्बनला शोधण्याआधी चर्चमधली बाप्तिस्म्याची दप्तरं आणि गावच्या कोमुनिदादचे, म्हणजे गावकीच्या संस्थेचे, कागद चाळा. तिथे कधीकधी धर्मांतराआधीचं नाव सापडतं, आणि ते बहुधा नाईक, प्रभू किंवा शेणवी असतं.