लाकूड डोळ्यांनी, पॉलिश घाईने: मँडोलिन-गिटार करणाऱ्यांनो, या चुका टाळा

हाताने केलेलं वाद्य कुणी दाखवायला आणलं की पेटी उघडल्यावर मी आधी वास घेतो. दोन महिन्यांपूर्वी 'तयार झालेल्या' वाद्याला अजून वॉर्निशचा वास येत असेल, तर पुढचं बोलणं कुठे जाणार हे मला कळून चुकतं. मग ते वाद्य खिडकीपाशी नेऊन टॉपवर, म्हणजे तारांखालच्या पुढच्या फळीवर, तिरका उजेड पडू देतो. तिथे उरलेलं सगळं दिसतं.

करणाऱ्याचा हात बहुतेक वेळा चांगला असतो. सांधे घट्ट बसलेले असतात, फ्रेट, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, नीट बसवलेल्या असतात. गडबड झालेली असते ती पहिल्या आठवड्यात आणि शेवटच्या आठवड्यात. लाकूड साडी निवडावी तसं रंग आणि नक्षी बघून घेतलेलं असतं, आणि शेवटी वाद्य कधी एकदा वाजवतो असं झालेलं असतं.

पाठीच्या लाकडावर सगळा जीव ओवाळून टाकणं

'बॅकला कोणतं लाकूड घेऊ?' हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. टॉपबद्दल विचारणारा दहांत एखादा.

आंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने 1862 मध्ये एका गिटारीची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. टॉप मात्र नेहमीसारखा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा. आवाज टॉपमधून येतो हे त्याला दाखवायचं होतं. अलीकडे, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं असलेल्या सहा गिटारी 52 वादकांना मंद उजेडात, डोळ्यांवर गॉगल चढवून वाजवायला दिल्या. महाग लाकूड आणि स्वस्त लाकूड यांना मिळालेल्या पसंतीत सांगण्यासारखा फरक पडला नाही.

पाठीने काहीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही. मेपलच्या पाठीची मँडोलिन आणि महॉगनीच्या पाठीची मँडोलिन मला वेगळी ऐकू येते, निदान मला तसं वाटतं. पण पहिल्या तीन वाद्यांत हा फरक तुमच्या हाताने लाकूड जाड-पातळ करण्यातल्या चुकांखाली पार गाडला जाणार आहे. पट्टेदार मेपल तर नवख्याने घेऊच नये. तो लाटांसारखा दिसणारा पट्टा म्हणजे वर-खाली होत जाणारे तंतू. बाजू गरम करून वाकवताना फळी नेमकी त्या पट्ट्यावर मोडते. साधं, सरळ रेघांचं मेपल घ्या आणि वाचलेले पैसे टॉपसाठी ठेवा.

रनआउट न बघणं

ही माझी दुखरी नस आहे, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

स्प्रूसची फळी वरून बघितली की बारीक, सरळ, समांतर रेघा दिसतात. त्या जवळजवळ आहेत, एकसारख्या आहेत, म्हणून नवखा खूश होतो. पण त्या रेघा म्हणजे वाढीची वर्तुळं. तंतू फळीच्या पृष्ठभागाला समांतर धावताहेत की तिरके होऊन फळीतून बाहेर पडताहेत, हे त्यावरून कळत नाही. तंतूंच्या या तिरकेपणालाच रनआउट म्हणतात. झाड पीळ घेत वाढलं असेल, किंवा ओंडका तंतूंच्या दिशेने फोडण्याऐवजी सरळ करवतीवर घातला असेल, की तो येतो. असा टॉप कमी कडक असतो आणि ब्रिजपाशी, म्हणजे टॉपवर तारा धरून ठेवणाऱ्या पट्टीपाशी, सोलला जायची भीती असते.

माझ्याकडे एक मुलगा शिकायला यायचा. हुशार, पण उतावळा. त्याने स्टीलच्या तारांच्या गिटारीसाठी एकाच तुकड्यातून चिरलेल्या स्प्रूसच्या दोन फळ्या पुस्तकासारख्या उघडून जोडल्या होत्या. पहिला पातळ थर दिल्यावर टॉपचा डावा अर्धा भाग उजळ दिसला आणि उजवा काळपट. त्याला वाटलं, पॉलिशचा डाग पडला. त्याने तो घासून काढला आणि पुन्हा थर दिला. तोच प्रकार. मग मशीन लावून घासलं. पुन्हा तेच. मला विचारायला तो चौथ्या वेळेनंतर आला.

मी गिटार हातात घेऊन नुसती उलट्या दिशेला फिरवली. आता डावा भाग काळपट आणि उजवा उजळ झाला. तो बघतच राहिला. डाग असा जागा बदलत नाही. एका अर्ध्या भागात तंतूंची टोकं तुमच्याकडे येतात आणि दुसऱ्यात तुमच्यापासून लांब जातात, त्यामुळे उजेड वेगळा परततो. हे लाकडातच असतं, ते घासून जाणार कसं?

तोवर 2.8 मिलिमीटरचा टॉप मधोमध 2.1 वर आला होता. फळीचा कडकपणा जाडीच्या घनाने बदलतो. म्हणजे जाडी पाऊणपट झाली की कडकपणा निम्म्याहूनही खाली येतो. तारा चढवल्या, म्हणजे सत्तर किलोच्या वर ओढ आली. तीन आठवड्यांत ब्रिजच्या मागे पोट सुटलं आणि पुढे खड्डा पडला. टॉप काढून नवा बसवावा लागला. तेही त्यानेच केलं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

हे टाळायला मी करतो ते इतकंच: फळीच्या टाकाऊ कडेचा बोटभर तुकडा घेतो, त्याच्या टोकावर पटाशी ठेवून टकटक करत तो फोडतो. करवत नाही, फोडणंच. चीर फळीला समांतर गेली तर फळी टॉपला. बाजूला पळाली तर किती पळाली ते बघतो. तळहाताएवढ्या लांबीत दोन-तीन मिलिमीटर चालवून घेतो, त्याहून जास्त असेल तर ती फळी प्रयोगांना. टॉपला खालून आधार देणाऱ्या ब्रेसच्या पट्ट्या तर मी फक्त फोडलेल्याच लाकडातून काढतो. विकणारा कडेचा तुकडा फोडू देत नसेल तर घेऊ नका.

'वाळलेलं' या शब्दावर विश्वास ठेवणं

भट्टीत वाळवलेलं लाकूडसुद्धा दमट खोलीत ठेवलं की पुन्हा पाणी पितं. मी आणलेल्या प्रत्येक फळीचं वजन करून तारखेसकट पेन्सिलीने तिच्यावरच लिहितो आणि आठवड्याला पुन्हा तोलतो. आकडा लागोपाठ तीन-चार आठवडे हलला नाही की फळी तयार. स्वयंपाकघरातला काटा चालतो. हा उद्योग कुणालाच आवडत नाही, कारण यात 'काम केलं' असं वाटत नाही.

हवेतली सापेक्ष आर्द्रता 45 टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड साधारण साडेआठ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं. चिकटवायची कामं, विशेषतः ब्रेस, मी त्याच हवेत करतो. दमट दिवसांत हात बांधून बसतो, नाहीतर साचे दुरुस्त करतो. वाद्य पुढे जिथे राहणार त्यापेक्षा जरा कोरड्या हवेत जुळवलेलं बरं. फुगलेला टॉप थोडा वर येतो आणि पुन्हा बसतो. आकसलेल्या टॉपला मात्र आकसायला जागा नसते, ब्रेसनी धरून ठेवलेलं असतं. तो मग तडकतो.

वाढीची वर्तुळं फळीत उभी हवीत असं का म्हणतात, याचं मोठं कारणही हेच. स्प्रूस वर्तुळांच्या दिशेने जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्यापासून सालीकडे आकसतं.

काही किरकोळ चुका, किरकोळीतच

मँडोलिनचा कोरीव टॉप सगळीकडे एकाच जाडीचा ठेवणं: मधे साडेचार-पाच मिलिमीटर आणि कडेच्या खोलगट भागाकडे तीनच्या आसपास येऊ द्या, नाहीतर टॉप हलणारच नाही.

सरसाचे ठसे न शोधणं. थर देण्याआधी सगळं वाद्य स्पिरिटच्या फडक्याने ओलं करून बघा, जिथे फिकट डाग राहतो तिथे सरस आहे.

स्प्रूसची रंध्रं भरणं. स्प्रूस आणि मेपलला फिलर लागत नाही, महॉगनी आणि शिसवीला लागतो.

आबनुसाच्या फ्रेटबोर्डावर (फ्रेट बसवलेल्या फळीवर) लॅकर, म्हणजे लवकर वाळणारं चकचकीत फिनिश, मारणं. का, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मेपलच्या फ्रेटबोर्डाला मात्र फिनिश हवंच, नाहीतर घामाने काळा पडतो.

ब्राझिलियन रोझवूड 'कुणाकडून तरी' घेणं. 1992 पासून ते साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. कागदपत्रं नसतील तर ते वाद्य सीमेपलीकडे नेताना जप्त होऊ शकतं.

मास्क न लावता शिसवी घासणं. तिच्या भुशाची ॲलर्जी एकदा लागली की जन्माची.

शिसवीवर थेट तेलाचं वॉर्निश

ही चूक माझी स्वतःची. म्हणून दुसऱ्याने केली की जास्तच राग येतो.

एका वादकाला शिसवीच्या पाठीची मँडोलिन हवी होती. मी तोवर मेपलवरच काम केलं होतं आणि तेलाचं वॉर्निश माझ्या हाताला बसलं होतं. एकाच डब्यातलं वॉर्निश, एकाच दिवशी, टॉपला आणि पाठीला दिलं. दुसऱ्या दिवशी टॉप कोरडा, पाठ चिकट. म्हटलं, हवा बरी नसेल. तिसऱ्या दिवशी चिकट. आठवड्याने चिकट. मग मी जो मूर्खपणा केला तो सांगायला आजही लाज वाटते: वरून आणखी एक थर दिला, की तो वाळला म्हणजे खालचाही धरेल. तो वरून जरा धरल्यासारखा वाटला. तीन आठवड्यांनी वाद्य पेटीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं, तर पाठीवर मखमल उगवलेलं. पेटीच्या अस्तराची लव जशीच्या तशी वॉर्निशमध्ये रुतली होती.

कारण साधं आहे. तेलाचं वॉर्निश नुसतं सुकत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. शिसवीच्या तेलकट द्रव्यात नेमके ही क्रिया रोखून धरणारे पदार्थ असतात. टॉपखाली स्प्रूस होतं म्हणून तो वाळला. पाठीवर आणखी दहा थर दिले असते तरी खालचा थर तसाच राहिला असता.

सगळं स्क्रेपरने खरवडून काढलं. दोन दिवस गेले. मग लाखेचे तीन पातळ हात दिले आणि त्यावर तेच जुनं वॉर्निश दिलं. दुसऱ्या सकाळी ते कोरडं होतं. लाख मधे भिंतीसारखी उभी राहते. तेव्हापासून लाकूड कोणतंही असो, पहिला हात लाखेचाच, हा माझा नियम. मेपलला गरज नसते, तरी देतो.

यात आणखी एक खोच आहे. स्पिरिट शिसवीतला लालसर-जांभळा रंग सोडवतं. फडकं पाठीवरून फिरवत कडेला आणलं की तो रंग पांढऱ्या पट्टीत आणि स्प्रूसमध्ये उतरतो, आणि स्प्रूसमध्ये उतरलेला रंग निघत नाही. त्यामुळे आधी बारीक ब्रशने टॉप आणि कडेच्या पट्ट्या लाखेने बंद करायच्या, मग पाठ. फडकं कडेकडून आत न्यायचं आणि लाल झालं की टाकून द्यायचं. फडक्यात काटकसर करू नका.

लाख चपडीची, मेण काढलेली घ्या आणि स्वतः विरघळवा. पहिल्या हातासाठी एक लिटर स्पिरिटला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. बाटलीवर तारीख लिहा. विरघळलेली लाख काही महिन्यांनी वाळायचं विसरते. माझी सहा महिन्यांनंतरची बाटली स्टुलांच्या पायांना जाते. शंका असेल तर काचेवर एक थेंब टाका आणि दुसऱ्या दिवशी नख लावून बघा.

जाड थर, लवकर घासणं

'काचेसारखं दिसायला हवं' या हट्टापायी टॉपवर प्लॅस्टिकचा कोट चढवलेला असतो. टॉपवरचं सगळं फिनिश मिळून कागदाच्या एखाद-दुसऱ्या पानाएवढंच असावं. फडक्याने चोळून दिलेलं लाखेचं फ्रेंच पॉलिश त्याहूनही पातळ होतं, म्हणून नायलॉन तारांच्या गिटारीला मी दुसरं काही लावतच नाही. ते ओरखडतं, घामाने फिकं पडतं, हे खरं. पण दुपारभरात दुरुस्तही होतं.

नायट्रोसेल्युलोज लॅकर फवारणार असाल तर शेवटच्या थरानंतर वाद्य महिनाभर टांगून ठेवा. हाताला ते तासाभरात कोरडं लागतं, पण आतला द्रव आठवडेच्या आठवडे उडत राहतो आणि थर आकसत राहतो. दहाव्या दिवशी आरसा करून ठेवलात तर दोन महिन्यांनी रंध्रांचे खड्डे वर आलेले दिसतील. 'पण मला कार्यक्रमात वाजवायचंय' असं सांगणाऱ्याला मी माझं वाद्य उसनं देतो. ते स्वस्त पडतं. आणि हे लॅकर भयंकर ज्वालाग्राही असतं. फवारायच्या खोलीत ठिणगी पडेल असं काहीही नको.

ब्रिज चिकटवायच्या जागी फिनिश राहू देऊ नका. सरस लाकडाला धरतो, लॅकरला नाही. ब्रिज ठेवून धारदार पातीने कडा आखा आणि आतलं फिनिश खरवडा. आखताना हात हलका ठेवा, पाती फक्त फिनिशमधूनच जायला हवी. मी दुरुस्त केलेल्या सुटलेल्या ब्रिजांपैकी निम्म्यांखाली चकचकीत लॅकर होतं, आणि दोनांखाली पातीने तंतू कापलेला टॉप.

आणि जवसाच्या तेलाची किंवा तेलाच्या वॉर्निशची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. घट्ट होताना ते तेल तापतं, आणि गोळ्यातली उष्णता बाहेर पडत नसल्यामुळे फडकं आपोआप पेट घेतं. मी ती काम संपताच बाहेर दोरीवर एकेक सुटी वाळत घालतो आणि कडक झाल्याशिवाय टाकत नाही. दोरीवर जागा नसेल त्या दिवशी पाण्याच्या बादलीत बुडवतो.