प्रश्नावलीत लपलेलं घर : बेघर वृद्धांवर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना कसं घडवावं

माझ्या एका विद्यार्थिनीने पहिल्याच आठवड्यात भरून आणलेला कागद मी अजून जपून ठेवलाय. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला सॅटिस पुलाखाली झोपणारे एक आजोबा. 'स्वतःची अंघोळ स्वतः करता का?' यापुढे 'नाही'वर खूण. म्हणजे परावलंबी, गुण वजा. का नाही, असं मी विचारलं तर तिला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. आजोबा म्हणाले, "अंघोळीला पैसे पडतात, ते एक वेळ देईन बाई. पण मी आत गेलो की बोचकं कोण बघणार?"

हातपाय धडधाकट होते.

ती कात्झची मोजपट्टी, १९६३ची, रोजची कामं स्वतःची स्वतः जमतात का हे मोजणारी. अंघोळ, कपडे, शौच, उठबस, लघवी-शौचावरचा ताबा, जेवण, असे सहा प्रश्न. लॉटनची १९६९ची पट्टी स्वयंपाक, घरकाम, धुणं विचारते. दोन्ही चांगल्या आहेत, पण दोन्हींत एक घर गृहीत धरलेलं आहे. तुमच्या हाताखाली असा विद्यार्थी आला, तर त्याच्याकडून पहिलं काम हेच करून घ्या: प्रश्नावली मोठ्याने वाचायची आणि जिथे जिथे घर लपलंय तिथे लाल पेनाने रेघ मारायची. मग प्रत्येक रेघेखाली दोन प्रश्न लिहायचे. 'जमतं का?' आणि 'सोय आहे का?' या दोन उत्तरांची गल्लत झाली, की शरीराचं म्हातारपण आणि शहराची गैरसोय एकाच रकान्यात जाऊन बसतात. पुढे कितीही भारी आकडेमोड केली तरी ती सुटी होत नाहीत.

स्मरणशक्तीच्या चाचणीत तर याहून गंमत. नेहमीच्या एका चाचणीत 'आपण कितव्या मजल्यावर आहोत?' असा प्रश्न आहे. फुटपाथवर! हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी बेतलेली हिंदी चाचणी त्यातल्या त्यात बरी, तरी आपल्याकडे वापरण्याआधी ती घासूनपुसून घ्यावीच लागते. कोपिनेश्वराच्या आसपास बसणाऱ्या एका आजींना तारीख येत नव्हती. सोमवार मात्र कधी चुकायच्या नाहीत, कारण त्या दिवशी देवळात गर्दी असते. 'तारीख चुकली' एवढंच लिहून आणणाऱ्या मुलाला मी परत पाठवते.

चालण्याच्या चाचणीचं थोडक्यात सांगते. खुर्चीवरून उठून तीन मीटर जाऊन परत यायचं असतं. खुर्ची नसतेच. चहावाल्याचं प्लॅस्टिकचं स्टूल चालेल, पण उंची मोजून लिहा आणि शेवटपर्यंत तेच वापरा.

वय विचारायची पद्धत मात्र बसून शिकवा. आधार कार्डावर बऱ्याचदा १ जानेवारी ही जन्मतारीख असते, ती अंदाजाने घातलेली. आमच्याकडे घटनांची यादी आहे: १९६७चा कोयनेचा भूकंप, १९७२चा दुष्काळ, १९८२चा गिरणी संप, १९९३चं किल्लारी, २००५ची २६ जुलै. एक आजी स्वतःला 'पन्नास असेन' म्हणत होत्या. 'बहात्तरच्या दुष्काळात वाटलेली सुकडी खाल्ली का?' विचारल्यावर म्हणाल्या, "खाल्ली की! कडेवर थोरला होता, खडी फोडायला जायचे." म्हणजे आज सत्तरीच्या आगेमागे.

वयाची रेघ कुठे मारायची यावर प्रत्येक विद्यार्थी अडतो. २००७च्या कायद्याने ज्येष्ठ नागरिक साठीपासून. पण अमेरिकेत ओकलंडला २०१३ साली सुरू झालेल्या अभ्यासात पन्नाशी ओलांडलेले ३५० बेघर लोक घेतले होते. त्यांच्यात पडणं, विसरणं, कामं न जमणं हे सगळं घरात राहणाऱ्या सत्तरी-ऐंशीतल्या माणसांइतकं दिसलं. म्हणून मी पन्नासपासून घ्यायला सांगते आणि साठीवरचे वेगळे मांडायला लावते. तिथले आकडे मात्र इकडे चिकटवू देत नाही. तिथल्या जवळपास निम्म्या लोकांवर ही वेळ पहिल्यांदा पन्नाशीनंतर आली होती. आपल्याकडे तो प्रश्न विचारा, पण फुटपाथवरच लहानाची मोठी झालेली बाईही भेटेल, तिला 'पहिल्यांदा बेघर कधी झालात' याचा अर्थच लागणार नाही. आणि 'देशातले आकडे आहेत की' म्हणत कुणी 'लासी' हे वृद्धांचं देशव्यापी सर्वेक्षण पुढे केलं, तर त्याला सांगा: २०१७-१८च्या त्या फेरीत पंचेचाळीसच्या पुढचे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांवर लोक होते, पण निवड घरांच्या यादीतून झालेली. ज्याला दारच नाही, त्याच्यापर्यंत ती यादी पोचत नाही.

पहिले तीन आठवडे कागदाशिवाय पाठवा. गळ्यात ओळखपत्र, हातात रजिस्टर पाहिलं की माणसं बोचकं उचलून चालू लागतात. महाराष्ट्रात १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा आहे, वॉरंटशिवाय उचलता येतं, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. संमतीचा अंगठा घेताना साक्षीदार लिहिता-वाचता येणारा आणि त्रयस्थ हवा, असं आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. आजी ज्याच्या दुकानापुढे झोपतात तो दुकानदार त्रयस्थ नव्हे. त्याच्यासमोर त्या 'नको' म्हणूच शकत नाहीत. मानधन रात्री रोख देऊ नका, सकाळपर्यंत ते उशाखाली राहत नाही.

कुणी तापाने फणफणलेला भेटला तर मुलाखत बंद. रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन कुणी करायचा, कळव्याच्या रुग्णालयात सोबत कोण जाणार, १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन कधी लावायची, हे पहिल्या मुलाखतीआधी लिहून ठेवा. ऐन वेळी बावीस वर्षांच्या पोरीवर सोडू नका.

इथे मी स्वतः चुकलेय. एका मुलाला सलग दहा रात्री एकट्याला पाठवलं. त्याच्या आईला जाऊन सहा महिने झाले होते. मला माहीत होतं, तरी लक्षात घेतलं नाही. अकराव्या दिवशी तो आलाच नाही. तेव्हापासून जोडीनेच पाठवते, रात्री दहाला थांबवते आणि दर शुक्रवारी डायरी ऐकते. डायरी आकड्यांची नाही, 'आज काय नकोसं वाटलं' याची. ऐकताना सल्ला देत नाही. हे मला फार जड जातं.

दुसऱ्या भेटीला माणूस सापडावा म्हणून पहिल्याच दिवशी तीन ठिकाणं विचारून घ्या: चहा कुठे, औषध कुठून, पावसात कुठे. पुलाखालची बरीच मंडळी जूनमध्ये जागा बदलतात. आणि तक्त्यात 'सापडले नाहीत' व 'वारले' असे दोन वेगळे रकाने पाहिजेत, कारण रस्त्यावरच्या माणसाचं मरण बहुतेकदा पहिल्या रकान्यात हरवतं.

त्या अंघोळीवाल्या आजोबांपुढे तिने 'सापडले नाहीत' लिहिलं होतं. मी तिला चहावाल्याकडे पाठवलं. तारीख त्यालाही सांगता आली नाही. म्हणाला, "गणपती गेले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे. पोलीस घेऊन गेले." तिने तिथेच मोबाइलवर कॅलेंडर उघडलं, अनंत चतुर्दशी शोधली, पुढचा दिवस मोजला आणि दुसऱ्या रकान्यात तारीख लिहिली.