युरोपचा अंतराळ कायदा आणि बेळगावची परचेस ऑर्डर : प्रादेशिक नियमांचा राष्ट्रीय कायद्यावरील परिणाम कसा तपासावा

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे येथील फाउंड्रीला, अथवा हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला, युरोपातील एखाद्या खासगी उपग्रह कंपनीची परचेस ऑर्डर मिळाली, तर तिच्या मागील बारीक अक्षरांत ‘पुरवठादाराने लागू असलेल्या सर्व अंतराळविषयक नियमांचे पालन करावे’ अशी ओळ असू शकते. या ओळीतील ‘लागू असलेल्या’ या शब्दांचा अर्थ कसा लावायचा, हे येथे क्रमाने मांडले आहे. कारखानदाराला ते उपयोगी आहेच; कायद्याच्या विद्यार्थ्यालाही याच वाटेने जावे लागेल.

सुरुवात आंतरराष्ट्रीय करारांपासून करावी. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या सहाव्या अनुच्छेदानुसार खासगी कंपनीच्या अंतराळातील कृतीची जबाबदारी तिच्या राष्ट्रावर येते; तिला परवानगी देणे आणि तिच्यावर सतत देखरेख ठेवणे हे त्या राष्ट्राचे कर्तव्य ठरते. १९७२ च्या दायित्व करारानुसार जमिनीवर किंवा उडत्या विमानाचे नुकसान झाल्यास प्रक्षेपक राष्ट्राला चूक सिद्ध न होताही भरपाई द्यावी लागते, अंतराळातील नुकसानीसाठी मात्र चूक दाखवावी लागते. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा अणुइंधन असलेला उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलरवर जी तडजोड झाली ती दोन सरकारांमध्येच झाली. भरपाईची मागणी शेवटी राष्ट्राच्या दारात येते, म्हणूनच युरोपीय संघासारख्या प्रादेशिक संघटनेने कितीही नियम केले तरी परवान्याची किल्ली राष्ट्रे सहजासहजी सोडत नाहीत. पुढचे सगळे वाचताना हे कारण डोळ्यांसमोर ठेवावे.

त्यानंतर प्रादेशिक नियमाची जात ओळखावी. युरोपीय संघात ‘डायरेक्टिव्ह’ निघाले तर प्रत्येक सदस्य देशाला त्याच्या आधारे आपला कायदा करावा लागतो. ‘रेग्युलेशन’ मात्र राष्ट्रीय संसदेकडे न जाता थेट लागू होते. युरोपीय आयोगाने २५ जून २०२५ रोजी मांडलेला अंतराळ कायद्याचा प्रस्ताव दुसऱ्या जातीचा आहे. तो ज्या पायावर उभा केला आहे तो तर विशेष लक्ष देऊन पाहावा. संघाच्या कार्यपद्धतीविषयीच्या कराराचा १८९ वा अनुच्छेद अंतराळ धोरणासाठी संघाला अधिकार देतो, पण सदस्य देशांच्या कायद्यांचे एकसूत्रीकरण करण्यास स्पष्ट मनाई करतो. त्यामुळे आयोगाने अंतर्गत बाजारपेठेविषयीच्या ११४ व्या अनुच्छेदाचा आधार घेतला. स्वीडनचा कायदा १९८२ चा, फ्रान्सचा २००८ चा, लक्झेंबर्गचा २०२० चा आणि इटलीचा २०२५ चा; अशा निरनिराळ्या कायद्यांमुळे बाजारपेठेचे तुकडे होतात, असा त्यामागील युक्तिवाद आहे. माझ्या मते या प्रस्तावाचा खरा कस याच मुद्द्यावर लागेल, कारण दाराने मनाई असताना खिडकीतून प्रवेश केला असा आक्षेप त्यावर सहज घेता येतो.

असे रेग्युलेशन मंजूर झाले म्हणजे फ्रान्सचा कायदा रद्द होतो, असे मात्र समजू नये. संघाच्या न्यायालयाने १९६४ मध्ये घालून दिलेल्या तत्त्वानुसार संघाच्या कायद्याशी विसंगत असलेले राष्ट्रीय कलम लागू करता येत नाही. उरलेली कलमे जिवंत राहतात. म्हणून एक कोरा कागद घ्यावा, डावीकडे राष्ट्रीय कायद्याचे प्रत्येक कलम लिहावे आणि समोर ‘बाजूला पडले’, ‘बदलले’ किंवा ‘शाबूत’ असा शेरा द्यावा. टक्कर टाळणे, अंतराळातील कचरा, सायबर सुरक्षा आणि पर्यावरणीय ठसा हे विषय प्रस्तावात येत असल्याने त्यांसमोर बहुतेकदा पहिले दोन शेरे पडतील. नुकसानभरपाईचे दायित्व आणि केवळ संरक्षणासाठी वापरली जाणारी उपकरणे यांसमोर ‘शाबूत’ लिहावे लागेल.

आता बेळगावशी थेट संबंध असलेला भाग येतो. उद्यमबागेतील कास्टिंग महाराष्ट्रातल्या शिनोळीला पोहोचले की बिलावर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरील कर, लागतो, कारण माल कोठे बनला यापेक्षा कोठे पोहोचला याला महत्त्व असते; प्रस्तावित युरोपीय कायद्याचाही हाच बाणा आहे. संघाच्या बाजारपेठेत अंतराळ सेवा देणारी बिगरयुरोपीय कंपनीही त्याच्या कक्षेत येते आणि तिला संघाच्या नोंदवहीत नाव घालावे लागते. एखाद्या देशाची नियमव्यवस्था समकक्ष ठरवण्याची सोय प्रस्तावात आहे आणि प्रादेशिक कायद्याचा बाहेरच्या राष्ट्रांवर येणारा खरा दाब तेथेच आहे, कारण समकक्ष ठरायचे तर आपल्याकडे दाखवण्याजोगे नियम असावे लागतात.

भारताची बाजू तपासताना धोरण आणि कायदा यांत गल्लत करू नये. २०२३ चे भारतीय अंतराळ धोरण आणि खासगी अंतराळ उपक्रमांना परवानगी देणाऱ्या ‘इन-स्पेस’ या केंद्र सरकारच्या संस्थेने २०२४ मध्ये काढलेली कार्यपद्धती यांनुसार परवाने दिले जातात. संसदेने केलेला स्वतंत्र अंतराळ कायदा मात्र नाही, २०१७ चे विधेयकही मसुद्याच्या पुढे गेले नाही. करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार घटनेच्या २५३ व्या अनुच्छेदाने संसदेला दिलेला असल्यामुळे कर्नाटक सरकार जागा आणि सवलती देऊ शकते, प्रक्षेपणाचा परवाना नव्हे.

शेवटी परचेस ऑर्डरकडे परतावे. हा प्रस्ताव १ जानेवारी २०३० पासून लागू करण्याचा आयोगाचा विचार होता आणि वाटाघाटींत मजकूर बदलू शकतो, म्हणून करारात नियमाचे नाव व तारीख लिहून घ्यावी. सुट्या भागांचा कारखाना उपग्रहचालक नसतो; त्याच्यावर कायद्याचे बंधन थेट येण्यापेक्षा ग्राहकाच्या अटींतून येण्याचीच शक्यता अधिक असते. पर्यावरणीय ठसा मोजण्यासाठी ग्राहक प्रत्येक हीट नंबरमागे (म्हणजे भट्टीच्या प्रत्येक वितळणीमागे) भट्टीला लागलेली वीज आणि भंगाराचे प्रमाण विचारू शकतो, तेव्हा टेस्ट सर्टिफिकेटच्या फाइलमध्येच ही नोंद आतापासून ठेवावी. भाग स्कोमेट यादीच्या, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या भारतीय यादीच्या, पाचव्या प्रवर्गात बसतो का, हे माल पाठवण्यापूर्वी पाहावे, कारण त्या यादीतील वस्तूला निर्यात परवाना लागतो आणि ग्राहकाने युरोपचे सर्व नियम पाळले म्हणून ती अट सुटत नाही. पुढे नियम बदलल्यास नव्या चाचण्यांचा खर्च कोणी करायचा, हे कलम सही करण्यापूर्वी वकिलाकडून घालून घ्यावे.