पिकअपला ऑल-टेरेन टायर टाकताय? आधी या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी, गुळाचा सीझन ऐन भरात होता. हौद्यात रवे (गुळाच्या ढेपा) भरून रत्नागिरीकडे निघालो होतो. आंबा घाट लागायच्या आधी मलकापुरात चहाला थांबलो, तर शेजारच्या पंक्चरवाल्याचं लक्ष गाडीच्या मागच्या डाव्या चाकावर गेलं. टायरच्या बगलेला अंड्याएवढा फुगा आलेला. टायर घेऊन आठ महिनेही झाले नव्हते. पांढऱ्या अक्षरांचे, जाड बटणांचे (बटणं म्हणजे टायरवरचे रबराचे ठोकळे), बघणाऱ्यानं मान वळवून बघावं असे ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांसाठीचे. मिस्त्री खाली बसला, टायरवर बोट फिरवत काहीतरी वाचलं आणि म्हणाला, "मालक, टायर दिसायला लई भारी हाय, पर ह्यो वजनाचा न्हाय."

त्यानं जे वाचलं ते मी दुकानात वाचलं नव्हतं. स्टेपनी लावून, निम्मे रवे दुसऱ्या गाडीत देऊन घाट उतरलो. त्या फेरीचं भाडं तर गेलंच, पण टायर कसा वाचायचा ते मलकापुरात कळलं.

बटणं बघितली, वजनाचा आकडा बघितला नाही

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

टायरच्या बगलेवर मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं. समजा '२१५/७५ आर १५, १०० एस'. त्यातला १०० म्हणजे लोड इंडेक्स. तो किलो नव्हे, तक्त्यातला क्रमांक आहे. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०, १०८ म्हणजे १,०००, ११२ म्हणजे १,१२०. पुढचं अक्षर वेगाचं: क्यू १६० किलोमीटर, एस १८०. पिकअपवाल्याला वेगाच्या अक्षराची चिंता क्वचितच पडते. आकड्याची मात्र रोज पडते.

गंमत अशी की एकाच मापात दोन जातीचे टायर मिळतात. २१५/७५ आर १५ मध्ये कार-जीपच्या धाटणीचा १०० इंडेक्सचा टायर आहे, आणि 'एलटी' म्हणजे लाइट ट्रकचा १०६ इंडेक्सचाही आहे. रिमवर दोन्ही सारखेच बसतात, लांबून दिसतातही सारखेच. पण मागच्या दोन चाकांत मिळून तीनशे किलोंचा फरक पडतो. माझ्या गाडीचे निघाले ते १०६ चे होते आणि बसले ते १०० चे. दुकानदारानं माप विचारलं, मी माप सांगितलं. हौद्यात काय भरता हे त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तुमच्या गाडीला किती लोड इंडेक्स लागतो, हे शोधायला माहितीपुस्तिका आहेच. पण पुस्तिकेला आपण रोज काय भरतो ते माहीत नसतं. त्यापेक्षा एक सोपी युक्ती. नेहमीचा माल भरा, मार्केट यार्डाच्या आसपास कुठल्याही वजनकाट्यावर जा आणि फक्त मागची चाकं काट्यावर चढवून वजन घ्या. आलेला आकडा भागिले दोन. दोन टन आलं तर एका टायरवर एक टन, म्हणजे १०८ च्या खालचा टायर दुकानातच ठेवायचा. वर थोडी शिल्लक हवीच, कारण खड्ड्यात आदळताना आणि वळणावर एका चाकावर जास्त भार येतो. दीड टनाच्या गाडीत दोन टन भरणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना कुठलाही टायर पुरा पडणार नाही, हे सांगून मोकळा होतो.

११२/१०९ असे दोन आकडे दिसले तर गोंधळू नका. पहिला एकेरी चाकाचा, दुसरा जोडचाकाचा. लहान पिकअपला पहिलाच बघायचा. आणि आयएसआय शिक्क्याजवळचा क्रमांकही वाचा: आयएस १५६३६ हे व्यापारी वाहनांच्या टायरांचं मानक, आयएस १५६३३ हे प्रवासी गाड्यांचं.

चिखल सगळीकडे एकच समजणं

ऑल-टेरेन म्हणजे डांबरी रस्त्याचा टायर आणि चिखलाचा मड-टेरेन यांच्या मधला. मधला म्हणूनच तो दोन्हीकडे थोडा कमी पडतो. 'एटी (ऑल-टेरेन) टाकले, आता कुठल्याही पाणंदीतून काढतो' म्हणणाऱ्याची गाडी ट्रॅक्टरनं ओढून काढताना मी बघितलेली आहे. एकदा ती माझीच होती.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात माती दोन तऱ्हेची. शिरोळ, हातकणंगले भागात नदीकाठची काळी, चिकट. पश्चिमेला शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, चंदगडकडे जांभ्याची तांबडी, खाली कठीण आणि वर खडे. तांबड्या मातीत ऑल-टेरेन खरोखर पैसे वसूल करतो. खड्यांनी बटणं लवकर तुटत नाहीत, चढावर पकड मिळते, ओल्या निसरड्या थरातून खालचा कठीण भाग त्याला सापडतो. काळ्या मातीत मात्र चाकाच्या दोन फेऱ्यांत बटणांमधल्या फटी भरतात आणि नवाकोरा टायर गोटा झालेल्या टायरसारखा फिरत राहतो. माती बाहेर फेकायला फटी रुंद लागतात. त्या मड-टेरेनला असतात, आणि मड-टेरेन डांबरीवर आवाजानं कान किटवतो, झिजतोही लवकर.

दुसरी गोष्ट, आपल्या बहुतेक पिकअप मागच्या दोन चाकांवर चालतात. हौदा रिकामा असला की त्या चाकांवर वजनच नसतं. ऊस तुटलेल्या रानात रिकामी गाडी फसते ती बऱ्याचदा टायरामुळे नाही, हलकेपणामुळे. चार-पाच वाळूची पोती मागच्या अ‍ॅक्सलच्या वर घट्ट बांधून बघा, टायर बदलायच्या आधी.

उसाच्या रानाचा विषय निघालाच तर, तोडणीनंतरचे बुडखे टायरच्या बगलेचे वैरी आहेत. तिरपा कापलेला बुडखा सुळ्यासारखा घुसतो, आणि बगलेला पडलेलं भोक पंक्चर काढून भरवशाचं होत नाही. रानात रोज उतरणारी गाडी असेल तर टायर निवडताना बटणांइतकीच बगलेची जाडी बघा. प्लाय रेटिंग ८ किंवा १० म्हणतात ते यासाठीच उपयोगी. जुन्या काळी ते थरांची मोजणी असायचं, आता ताकदीचं माप आहे.

मग ऑल-टेरेन घ्यायचा की नाही? महिनाभर वहीत लिहा: डांबरीवर किती गेलो, कच्च्यावर किती. मी लिहिलं तेव्हा महिन्याला बावीसशे किलोमीटरमधले कच्चे दीडशेही भरले नाहीत. एवढ्यासाठी चारही चाकांना जाड बटणं टाकून डिझेल जाळायचं का, हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. दोन चाकं ओढणाऱ्या गाडीला पुढे रिब (लांब सरळ खाचांचा टायर), मागे बटन ही ट्रकवाल्यांची जुनी पद्धत आहे आणि मला ती अजूनही शहाणपणाची वाटते. फोर-बाय-फोरला हे चालत नाही. तिथे चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि ताण गिअरच्या भागांवर येतो.

पावसाळ्यात गगनबावड्याकडे फेऱ्या मारणाऱ्यांसाठी एक इशारा. ओल्या, शेवाळलेल्या डांबरीवर जाड बटणांचा टायर रस्त्याच्या टायरपेक्षा सहसा लांब जाऊन थांबतो. बटणं मोठी म्हणजे पकड मोठी, हा समज मातीपुरता खरा.

एक माप वरचा टायर

'२१५ काढून २३५ टाक, गाडी उंच होत्या.' होते, पण किती? २१५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७० सेंटीमीटर, २३५/७५ आर १५ चा ७३. गाडी उचलली जाते निम्म्यानं, म्हणजे दीड सेंटीमीटर. त्यासाठी काय काय द्यावं लागतं ते बघा. मीटरवर ६० दिसतं तेव्हा गाडी साडेबासष्टनं पळते. चाक मोठं झालं की गिअर लांब होतात. भरलेली गाडी घाटात दुसऱ्या गिअरवर चढायची ती पहिला मागते, क्लचचा वास येतो. ब्रेकलाही मोठं चाक थांबवायचं असतं. पूर्ण स्टिअरिंग वळवलं की टायर मडगार्डला घासतो. शिवाय २३५/७५ ला रिम किमान सहा इंच रुंद लागतो. रिमवर '५.५ जे' (म्हणजे साडेपाच इंच रुंद) असं कोरलेलं असेल तर विषयच संपला.

पासिंगला अडचण येऊ शकते ती वेगळी, आणि अपघात झाला तर विमावाले कंपनीच्या मापाचा टायर होता का हे बघतात. दाराच्या चौकटीवरचं स्टिकर काय म्हणतं, तेवढंच माप घ्या.

जुना माल, ट्यूब आणि बाकीच्या बारीक गोष्टी

टायरवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. पिकअपच्या मापातले ऑल-टेरेन रोज खपत नाहीत, त्यामुळे दुकानात दोन-अडीच वर्षं पडून राहिलेला सेट 'स्कीम'मध्ये मिळतो. मी वर्षाच्या आतलाच घेतो. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. पक्कं बिल मात्र घ्याच. सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, बिलावर तो किती लावलाय तेही बघा.

ट्यूबवाल्या रिमवर ट्यूबलेस टायर चढवू नका. ट्यूबलेस रिमला आतल्या कडेला उंचवटा असतो, तो टायरची कड धरून ठेवतो. एकाच अ‍ॅक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन, हेही नको. दोनच नवे घेणार असाल तर मागे लावा. मागचं चाक घसरलं की गाडी फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही.

डोंगर आणि बर्फाच्या फुलाचं चित्र असलेल्या टायरला जास्त पैसे मागितले तर हसून पुढे जा. ते बर्फातल्या पकडीचं चिन्ह आहे. पन्हाळ्याला धुकं पडतं, बर्फ नाही.

हवा

एलटी टायर घेतला आणि हवा कारसारखी मारली, तर चांगला टायर घेऊन वाईट वापरल्यासारखं झालं. एलटीला तेवढाच भार पेलायला जास्त हवा लागते. गाडीच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची, पुढची आणि मागची हवा वेगळी दिलेली असते. टायरवर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, रोज मारायची हवा नव्हे. हवा सकाळी टायर थंड असताना बघा. घाट उतरून आल्यावर गरम टायरची हवा वाढलेली दिसते, ती काढू नका.

चिखलात हवा कमी करायची युक्ती रिकाम्या गाडीसाठी आहे, आणि डांबरीवर यायच्या आधी हवा परत भरायची सोय जवळ असेल तरच. भरलेल्या पिकअपची हवा कमी करू नका. बगल दुमडते, तापते आणि मग मलकापुरातल्या माझ्या फुग्यासारखं काहीतरी होतं.

टायर बसवल्यावर काय बोलतोय ते ऐका

मध्यभागच झिजला तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी किंवा माल जास्त. एकच कड झिजली तर अलाईनमेंट. नवे टायर बसवताना ते करून घेतलं नसेल तर पहिल्या पाच हजार किलोमीटरांतच हे दिसतं.

हात फिरवल्यावर बटणं करवतीसारखी लागली, एका बाजूनं गुळगुळीत आणि उलट्या बाजूनं टोचरी, तर चाकांची अदलाबदल राहिली आहे. ऑल-टेरेनला ही खोड जास्त असते आणि चाळीसच्या पुढे येणारी घूं-घूं बऱ्याचदा तिचीच असते. बेअरिंग गेलं समजून बेअरिंग बदलणारे मला माहीत आहेत. आठ-दहा हजारांनी चाकं फिरवा, स्टेपनी त्याच मापाची असेल तर तीही फिरवा. जागोजागी खळगे पडलेत तर शॉकअप बघा. सत्तर-ऐंशीला स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल आहे का ते बघा. तो काढला की निम्म्या वेळा बॅलन्सिंगचे पैसे वाचतात.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावून बघा. ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा, नाही बदलली तर अलाईनमेंट किंवा ब्रेकचा. (एका दिशेनंच फिरवायचा बाण असलेल्या टायरवर हा प्रयोग करू नका.)

बटणांच्या फटीत खडी अडकते, ती आठवड्यातून एकदा स्क्रूड्रायव्हरनं काढत चला. अडकलेला खडा हळूहळू आत शिरत जातो. फटीच्या तळाशी आडव्या पट्ट्या असतात, १.६ मिलिमीटर उंचीच्या. रबर त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. मातीसाठी घेतलेला ऑल-टेरेन त्याच्या कितीतरी आधीच मातीत निकामी झालेला असतो. अर्धी बटणं गेली की त्याला डांबरीचा टायर समजूनच चालवा.

बगलेवरच्या फुग्यावर इलाज नाही. आतले दोरे तुटलेले असतात. आतून पॅच मारून देतो म्हणणारा कुठेतरी भेटतोच, मलाही घाटाखालच्या साखरप्यात भेटला. तो टायर आता शेतावर बांधाच्या कडेला पडून आहे, पांढरी अक्षरं अजून दिसतात.