ओढ्याच्या काठासाठी निधी कसा उभा केला: माझा अनुभव

ओढ्याचा ढासळणारा काठ सावरायला हवा, हे सगळ्यांना पटत होतं. पैसे मात्र कुणी सोडत नव्हतं. निधी देणाऱ्यांना काठावरून किती गाळ वाहून जातो, त्याचा आकडा हवा होता.

तो मिळाला लोखंडी सळ्यांमुळे. काठात सळ्या आडव्या ठोकल्या, टोक मातीच्या पातळीला. पूर ओसरल्यावर सळई जितकी उघडी पडेल, तितका काठ मागे सरकला. त्याला काठाची उंची आणि लांबी लावली की वाहून गेलेल्या मातीचं घनफळ निघतं. एका घनमीटर मातीचं कोरडं वजन साधारण १.३ टन धरतात. बारीक मातीला फॉस्फरस चिकटलेला असतो आणि तोच खाली शेवाळ माजवतो. मातीचा नमुना प्रयोगशाळेत दिला की त्याचाही हिशेब लागतो. हा कागद समोर ठेवला आणि बोलणी भराभर पुढे सरकली.

पुढची अडचण जास्त कठीण होती. बरीच अनुदानं खर्च झाल्यावर, बिलं तपासून मिळतात. तोवर कंत्राटदाराला द्यायचं काय? खालच्या बाजूच्या पाणीपुरवठा संस्थेकडून बिनव्याजी उचल घेतली. गाळ कमी झाला तर शुद्धीकरणाचा खर्च त्यांचाच वाचतो. अनुदानासोबत आम्ही घालायचा हिस्सा श्रमदानातून दाखवला. त्यासाठी हजेरीपट रोजच्या रोज, सह्यांसकट ठेवा.

आणि देखभालीचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. काठ धरून ठेवायला वाळुंजाच्या (पाण्याकाठी वाढणाऱ्या झाडाच्या) काड्या लावल्यावर तण काढलं नाही, गुरं अडवली नाहीत, तर मुळांनी माती धरायच्या आतच काठ पुन्हा सुटतो.